जंगल पाहायचं, तर तलावासकट



नवेगाव-नागझिऱ्याला गटाची सहल काढू म्हटलं, की आपल्या नाकाडोंगरीकडच्या बाया हसतात. “सरपण, मोहफुलं, तेंदूपत्ता, सगळ्यासाठी जंगलातच तर जातो. मग पैसे भरून जंगल कशाला पाहायचं?” प्रश्न रास्त आहे. वाघ दिसेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. पण जंगल आणि तलाव एकमेकांना कसे जगवतात, ते तिथं नक्की दिसतं.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. ही जंगलं आणि आपल्या जिल्ह्यातलं कोका मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला.

साकोलीवरून नवेगावबांधला जाता येतं. तिथला मोठा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. भोवतीच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात. बांध घालायला या बहिणींनी हात दिला, अशी लोकांची कथा आहे.

आजही ते डोंगर हात देतातच. झाडं आणि पालापाचोळा पावसाचा मार झेलतात. पाणी जमिनीत मुरतं आणि हळूहळू तलावात उतरतं. झाडं गेली की पाण्यासोबत माती येते, तलाव उथळ होतो. मग उन्हाळ्यात ना जनावरांना पाणी, ना धानाला, ना मासोळीला.

तलावाच्या कडेचं उथळ पाणीही कामाचं असतं. तिथं देवधान आणि पाणवनस्पती वाढतात. त्यांच्या आडोशाला मासोळी अंडी घालते, हिवाळ्यात बदकं उतरतात. तिथं बेशरम माजली, की हे सगळं हटतं. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या ढिवर समाजातल्या बायांनी हे ओळखलं. त्यांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या.

आता जायचं कसं? पावसाळ्यात सफारी बंद असते. ऑक्टोबरनंतर जा, पक्ष्यांसाठी हिवाळा चांगला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, ती आधी विचारा. गाडीचं बुकिंग आधी करा, प्रत्येकीचं ओळखपत्र जवळ ठेवा. सकाळच्या फेरीला गरम कपडे घ्या, भडक रंग टाळा. आत गेल्यावर गाडीतून उतरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, प्लॅस्टिक टाकायचं नाही. गाईडला झाडांची आणि पाखरांची नावं विचारा. त्यातली कितीतरी तुम्हाला आधीच ठाऊक असतील, तीही त्याला सांगा!

परत आल्यावर एक काम करा. सगळ्या मिळून आपल्या गावच्या तलावाच्या पाळीवरून एक चक्कर मारा. बेशरम किती वाढली? गाळ किती साचला? पाणी येतं त्या बाजूला झाडं उरलीत का? जे दिसेल ते लिहून काढा आणि पुढच्या ग्रामसभेत मांडा.