रिकामी पुंगळी

कोलकात्याजवळच्या दमदमचे नाव 1890च्या दशकात जगभर झाले ते गोळीमुळे. पण काडतुसात पुन्हा वापरता येते ती पितळी पुंगळी. गोळी सुटताना ती फुगून चेंबरला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही. नंतर आक्रसते, पण मूळ मापावर येत नाही. तिथे डाय लागते. पोलादी डाय वापरली तर पुंगळीला वंगण लावावे लागते, कार्बाइडला सहसा नाही. .38 रिव्हॉल्व्हरची पुंगळी सरळ, तिला कार्बाइडची अरुंद कडी पुरते. 9 मिमीची दिसते सरळ, पण असते निमुळती: बुडाशी सुमारे 9.9, तोंडाशी 9.65 मिमी. तोंडाच्या मापाची कडी खालपर्यंत नेली तर बुडाजवळचे पितळ नको तितके दाबले जाते. तिला आतून निमुळती डायच हवी.

विनापरवाना काडतूस बनवणे हा शस्त्र कायदा, 1959 नुसार गुन्हा आहे. फायरिंगनंतर एक पुंगळी कमी भरली की सगळे गवत धुंडाळावे लागते, ते उगीच नाही.