आयोडिनचा चौथा अणू

मिठाच्या पिशवीवर 'आयोडिनयुक्त' हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला आहे. गलगंडाचा विकार आटोक्यात यावा म्हणून केंद्र शासनाने १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे आयोडिनचे महत्त्व घरोघरी पोहोचले. परंतु शरीराला आयोडिन मिळाले म्हणजे कार्य संपले असे नाही. त्यातील काही अंश योग्य जागी काढूनही टाकावा लागतो, आणि त्यासाठी सेलेनियम हे दुसरे मूलद्रव्य आवश्यक असते.

गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. व्यवहारात तिला आपण थायरॉइड म्हणतो. ही ग्रंथी मुख्यत्वे थायरॉक्सिन हे संप्रेरक रक्तात सोडते. त्याच्या रेणूत दोन कडी असून प्रत्येक कड्यावर आयोडिनचे दोन, असे एकूण चार अणू असतात. म्हणूनच रक्ततपासणीच्या कागदावर त्याला 'टी-४' म्हणतात. हे टी-४ बरेचसे कच्च्या मालासारखे असते. यकृत, मूत्रपिंड, मेंदू इत्यादी अवयवांत बाहेरील कड्यावरचा एक अणू काढला जातो, तेव्हा कोठे प्रभावी असे 'टी-३' तयार होते. शरीरातील सुमारे ८० टक्के टी-३ असे ग्रंथीबाहेर बनते. आतील कड्यावरचा अणू निघाला, तर मात्र निष्क्रिय रेणू उरतो. अणू एकच, पण जागा बदलली की परिणाम उलटा! शरीर या दोन्ही वाटा वापरते; एक संप्रेरकाला कार्यक्षम करण्यासाठी, दुसरी त्याला शमवण्यासाठी.

अणू काढण्याचे हे काम डीआयोडिनेज नावाची विकरे करतात. यांपैकी एका विकराच्या गाभ्यात सेलेनियम असते, हे १९९० साली उघड झाले. इतरांविषयीही पुढे तेच आढळले.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक गोविंदसामी मुगेश यांच्या प्रयोगशाळेने या विकराची रासायनिक प्रतिकृती घडवली. कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या ज्या नॅप्थलीनच्या असतात, त्याच नॅप्थलीनच्या सांगाड्यावर सेलेनियम बसवून त्यांनी एक लहानसा रेणू तयार केला. तो थायरॉक्सिनच्या आतील कड्यावरचेच आयोडिन नेमके काढतो, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अवाढव्य प्रथिनाचे काम इतक्या छोट्या रेणूने करावे, हे खरोखरच नवल होय. अवटू ग्रंथी अतिक्रियाशील झालेल्या रुग्णांच्या दृष्टीने या ज्ञानाला विशेष महत्त्व आहे.

आता कोलेस्टेरॉलकडे वळू. रक्तातील कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी विशिष्ट प्रथिने यकृताच्या पेशींवर असतात. टी-३ त्यांची संख्या वाढवते. संप्रेरक कमी पडले की ही प्रथिने घटतात आणि कोलेस्टेरॉल रक्तातच साचून राहते. त्यामुळे तूप-लोणी सोडूनही ज्यांचे कोलेस्टेरॉल उतरत नाही, त्यांचा दोष जिभेचा नसून ग्रंथीचा असू शकतो. घरातील माणसे मात्र खाण्यावरूनच बोल लावत राहतात. सोबत थकवा, वाढते वजन, बद्धकोष्ठता किंवा थंडी सहन न होणे ही लक्षणे असल्यास डॉक्टरांना टीएसएच तपासणीविषयी अवश्य विचारावे. थायरॉइडचा उपचार सुरू झाल्यावर पुष्कळदा कोलेस्टेरॉलही खाली येते. उलट, ग्रंथीची मंदता उपचाराविना राहिली असता कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन गोळ्यांमुळे स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. अर्थात, चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

मग सेलेनियमच्याही गोळ्या घ्याव्यात काय? प्रौढ व्यक्तीला दिवसाकाठी या मूलद्रव्याचे काही दशक मायक्रोग्रॅम पुरेसे होतात. मासे, अंडी, गहू, डाळी यांतून ते मिळते. मात्र धान्यात ते किती असेल, हे जमिनीवर अवलंबून असते. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर या भागांतील काही गावांच्या मातीत सेलेनियम इतके अधिक आहे, की तेथील पिकांतही ते प्रमाणाबाहेर उतरते. असे सेलेनियम दीर्घकाळ पोटात गेल्यास केस गळतात आणि नखे ठिसूळ होऊन तुटतात.