जाळीच्या तबकड्या आणि थकलेल्या दीर्घिका

नाशिकच्या द्वारका चौकातून सुटलेली पुण्याची एसटी सिन्नर, संगमनेर, आळेफाटा करत नारायणगावला पोचते. तिथून जवळच, खोडदच्या शिवारात आणि आसपास, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत. एकूण 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. पण त्या तर तारेच्या जाळीच्या! मग लहरी आरपार जात नाहीत?

नाही. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, तर इथे पकडायच्या रेडिओलहरी सुमारे 20 सेंटिमीटर ते दोन मीटर लांबीच्या. त्यांच्या लेखी जाळी म्हणजे भिंतच.

याच लांब लहरी म्हाताऱ्या रेडिओ दीर्घिकांचा पत्ता देतात. दीर्घिकेच्या केंद्रातलं कृष्णविवर वायू गिळताना दोन बाजूंना रेडिओलहरी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनचे झोत फेकतं. झोत थांबले, की जोमदार इलेक्ट्रॉन आधी थकतात आणि आखूड लहरी विझतात. लांब लहरी मात्र बराच काळ येत राहतात. कन्या राशीतल्या ‘एचसीजी 62’ या दीर्घिकासमूहात जीएमआरटीला 235 मेगाहर्ट्झवर असेच पसरलेले जुने अवशेष दिसले.

झोत थांबतात आणि पुन्हा सुरू होतात, ते असे: समूहातला तप्त वायू निवून केंद्राकडे उतरतो, कृष्णविवर जागं होतं. त्याचे झोत वायूत पोकळ्या पाडतात, वायू पुन्हा तापतो, खुराक तुटतो. गीझरचा थर्मोस्टॅट असाच चालू-बंद होतो.

‘एनजीसी 5813’ या दीर्घिकेभोवती चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीला अशा पोकळ्यांच्या तीन जोड्या आढळल्या: तीन वेगवेगळ्या उद्रेकांच्या खुणा, सर्वांत जुनी सर्वांत बाहेर.