अंदमानचा पूर्वकिनारा : बंदरातून बंदराकडे

अंदमानचा नकाशा पाहिला म्हणजे दक्षिण, मध्य व उत्तर अंदमान ही तिन्ही बेटे मिळून एकच लांबट भूखंड असावा असे वाटते, इतक्या त्यांच्यामधील सामुद्रधुन्या चिंचोळ्या आहेत. नौकेने जाणाऱ्यास मात्र या भूमीच्या दोन बाजू अगदी वेगळ्या भासतात. पश्चिम किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा थेट आदळतात. शिवाय त्या बाजूचा बराच भाग जारवा जमातीसाठी राखीव असल्यामुळे तेथे उतरण्यास मनाई आहे. पूर्वेस डोंगरांची आड मिळते. पोर्ट ब्लेअर (2024 पासून श्री विजयपुरम), रंगत, मायाबंदर, एरियल बे ही बंदरे त्याच बाजूस वसली, यात नवल नाही.

या किनाऱ्यास जागोजाग प्रवाळभित्तींचे कुंपण आहे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते व त्याला सूर्यप्रकाश लागतो. म्हणून प्रवाळ उथळ, स्वच्छ आणि खाऱ्या पाण्यातच जोमाने वाढतो. जेथे ओढा गोडे पाणी व गाळ घेऊन समुद्रास मिळतो, तेथे त्याची वाढ खुंटते आणि कुंपणास खिंडार पडते. खारफुटीने वेढलेल्या खाडीच्या मुखाशी नौकेला वाट सापडते ती यामुळे. ज्या चिखलाला प्रवासी नाक मुरडतो, त्याच चिखलाने त्याच्यासाठी दार उघडे ठेवलेले असते!

परंतु ते दार दिसले पाहिजे. गडद निळे पाणी खोल, हिरवट पाणी उथळ, आणि तपकिरी डाग म्हणजे खडक किंवा प्रवाळ, हे तांडेल नजरेने ओळखतो. त्यासाठी सूर्य उंच व पाठीमागे हवा. पूर्वकिनाऱ्यावर बंदरात शिरताना नौकेचे तोंड बहुधा पश्चिमेस असते. म्हणजे सकाळी ऊन पाठीवर येते, आणि दुपार कलल्यावर समोरच्या चकाकीत डाग बुडून जातात. त्यातच ही बेटे भारताच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे 10 अंश पूर्वेस आहेत. त्यामुळे घड्याळाच्या मानाने सूर्य तेथे चाळीस मिनिटे आधी माथ्यावर येतो, आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो.

पोर्ट ब्लेअर ते मायाबंदर हे अंतर सुमारे 75 सागरी मैल. ताशी सहा मैल चालणाऱ्या नौकेस त्याला बारा तासांहून अधिक लागतात. हिवाळ्यातील दिवस तेवढा मोठा नसतो. म्हणून पहाटे निघून लाँग आयलंड गाठायचे, सूर्य वर असतानाच नांगर टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढे जायचे, हा क्रम सोयीचा ठरतो. भरतीचा हिशेबही ठेवावा लागतो. उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

उत्तम बंदर म्हणजे उत्तम वस्तीचे ठिकाण, असे मात्र नाही. आर्चिबाल्ड ब्लेअरने 1789 साली दक्षिण अंदमानात वसाहत उभारली. ती 1792 मध्ये उत्तर अंदमानातील प्रशस्त पोर्ट कॉर्नवॉलिस येथे हलविण्यात आली. पण रोगराईने इतके बळी घेतले की 1796 मध्ये ती सोडून द्यावी लागली. पुढे 1925 मध्ये ब्रह्मदेशातून आलेले करेन लोक मायाबंदरजवळ वेबी येथे स्थायिक झाले.

या साऱ्या गणितास सर्वांत मोठा धक्का बसला तो 26 डिसेंबर 2004 रोजी. सुमात्राजवळ सुरू झालेला भूकंपाचा भंग सागरतळातून उत्तरेस अंदमानापर्यंत पसरला. पोर्ट ब्लेअरची भूमी सुमारे एक मीटर खचली, आणि जवळच्या सखल शेतांत भरतीचे खारे पाणी शिरू लागले. उलट पश्चिमेकडील उत्तर सेंटिनेल बेट एक मीटरहून अधिक उचलले गेले. तेथील प्रवाळ हवेत उघडे पडून मेले. उत्तर अंदमानातही जमीन वर आली. एका बाजूस धक्क्यांवर पाणी चढले, दुसऱ्या बाजूस वाट उथळ झाली, आणि जुन्या सागरी नकाशांतील खोलीचे आकडे दोन्हीकडे फसवे ठरले. दोन मीटरांच्या भरतीवर ज्या नौकेची ये-जा चालते, तिला एका मीटरचा फरक अर्ध्या भरतीइतका असतो. म्हणून येथील सागरी नकाशा हाती घेताना खोलीच्या आकड्यांआधी ती मोजणी कोणत्या वर्षीची, हे पाहावे लागते.