आव पाडणारा शिगेला

लहान मुलाला जुलाब झाले की घरची मंडळी दातांवर खापर फोडतात. दात येताना मूल दिसेल ते तोंडात घालते हे खरे, पण आजार येतो तो त्या वस्तूंवरच्या जंतूंमुळे. ते अनेकदा विषाणू असतात, काही वेळा जिवाणू.

ई. कोलाय या जिवाणूच्या काही जाती आतड्यात विष सोडतात. आतड्याला जखम होत नाही, पण मीठ आणि पाणी बाहेर पडत राहते, शौच पाण्यासारखे होते. मात्र साखरेबरोबर मीठ शोषण्याची वाट शाबूत असते, म्हणून साखर-मिठाचे पाणी, म्हणजे ओआरएस, लागू पडते.

शिगेला या जिवाणूची तऱ्हा वेगळी. 1897मध्ये जपानमधल्या आवेच्या साथीत कियोशी शिगा यांनी तो शोधला. पोटातल्या आम्लाला तो दाद देत नाही, त्यामुळे शंभराच्या आत जंतूही आजाराला पुरतात. न धुतलेला एक हात पुरे! त्याला स्वतःला पोहता येत नाही. आतड्याच्या पेशीत शिरून तो तिचीच प्रथिने वापरून शेजारच्या पेशीत घुसतो. आतड्याला व्रण पडतात, मग ताप, मुरडा, शौचात रक्त आणि शेंब.

रक्त दिसले तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवे. अशा जुलाबांत प्रतिजैविक लागू शकते. साध्या पातळ जुलाबांत बहुधा लागत नाही, तरी ते सर्रास दिले जाते. जुलाब थांबवणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. ओआरएस, झिंक आणि अंगावरचे दूध मात्र चालू ठेवावे.