रस्ता सोडला की रान सुरू

थोरली बहीण सौंसरला दिली, तेव्हापासून बेळगावहून नागपूरमार्गे आमच्या तिकडे खेपा चालू आहेत. सौंसर-पांढुर्णा म्हणजे संत्र्यांचा मुलूख. १९५६ च्या प्रांतरचनेत तो मध्य प्रदेशात राहिला, आपण कर्नाटकात आलो. तिथेही आपल्यासारखंच, घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी. २०२३ मध्ये हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला.

एप्रिलच्या सुरुवातीला भाच्याने नवी जीप घेतली, चारही चाकांना जोर असलेली. छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानी घाटात म्हणाला, "मामा, गाडी कशी चढते बघा!" आणि डांबरी सोडून त्याने ती रानवाटेला घातली. दुसऱ्याच वळणावर करकचून ब्रेक लागला. पुढे चार हातांवर, मोहाच्या झाडाखाली, टोपलीशेजारी एक लहान मूल झोपलं होतं. फुलं वेचणारी आई धावली, मूल उचललं आणि आमच्याकडे नुसती बघत राहिली. भाच्याचे हात थरथरत होते.

घरी आल्यावर ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते सर्वांनी ध्यानात ठेवावं. १९२७ च्या वन कायद्यानुसार राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने जायला मुभा आहे, पण ती रस्त्यापुरतीच. खाली उतरायला परवाना हवा. उलट जंगलावर जगणाऱ्यांना मोहफुलं वेचायचा हक्क २००६ च्या वनाधिकार कायद्याने दिला आहे. म्हणजे त्या रानात ती बाई हक्काने होती, आगंतुक आम्हीच.

परवाना असला म्हणजे सगळं माफ, असंही नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आपल्या कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलातून जाणारा हमरस्ता तर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ खासगी गाड्यांना बंद असतो.

भाच्याने जीप विकलेली नाही, विकायचं कारणही नाही. पण घाट लागला की मागच्या सीटवरून बहीण हळूच म्हणते, "निधान, निधान." माहेरचा हा कानडी शब्द आता सौंसरच्या घरात सगळ्यांना कळतो.