दारातला प्रश्न आणि प्रश्नाची रीत

घरात संगणक एकच, तो हाताळणारा माणूसही एकच, आणि बटण दाबताच कसलीही चौकशी न करता यंत्राने थेट कामाला लागावे ही वर्षानुवर्षांची वहिवाट असताना, एके दिवशी सकाळी पडद्यावर खातेदाराचे नाव झळकावे आणि त्या नावावर क्लिक केल्याखेरीज यंत्राने पुढे पाऊल टाकू नये, असा प्रसंग २००३ सालाच्या सुमारास विंडोज एक्सपी वापरणाऱ्या घरांतून उद्भवू लागला. खात्यांची यादी उघडून पाहावी, तर तेथे आपण कधीही न निर्माण केलेला ‘एएसपी डॉट नेट’ नावाचा एक इसम ठाण मांडून बसलेला. कोणी तिऱ्हाईत घरात शिरला की काय, अशी शंका गृहस्थाच्या मनात येणे अगदी स्वाभाविक होते.

वस्तुतः तेथे चोर नव्हता. खाते एकच असेल आणि त्याला परवलीचा शब्द नसेल, तर विचारणा न करता आत घ्यावे, असा एक्सपीचा शिरस्ता होता. परंतु डॉटनेट फ्रेमवर्क १.१ हे साहाय्यक सॉफ्टवेअर बसवले जाताना संकेतस्थळांच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे एक खाते मुकाट्याने निर्माण करीत असे. खाती दोन झाली, सबब ‘आपण कोण?’ हा प्रश्नही आपोआप उपस्थित झाला. यंत्राने नियमाप्रमाणेच वर्तन केले होते. बदलली होती ती परिस्थिती, आणि तिची वर्दी मालकाला कोणी दिली नव्हती.

हा प्रश्न विचारण्याची प्रथा संगणकाच्या जगात पडली तीच मुळी अनेकांच्या सामाईक वापरातून. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली जी सीटीएसएस नावाची प्रणाली दाखवली, तिच्यात एकाच यंत्राचा वेळ अनेक जणांत वाटला जाई. प्रत्येकाचे दफ्तर स्वतंत्र राहावे म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, वाट्याला आलेले आठवड्याचे चार तास अपुरे पडतात म्हणून, परवलीच्या सर्व शब्दांची यादीच छापून घेतली, आणि कुलपाबरोबर किल्ल्या कोठे ठेवाव्यात हा विषयही त्याच वेळी जन्माला आला. म्हणून दारातला हा प्रश्न काढावा की ठेवावा याचा निर्णय करताना आपल्या सोयीआधी या यंत्रापुढे किती माणसे येऊन बसू शकतात याचा विचार करावा. प्रवासात बरोबर नेला जाणारा लॅपटॉप, कचेरीतील संगणक, किंवा ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात ते यंत्र यांच्या दारातला पहारा उठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र घराच्या एका खोलीत स्थिर असलेल्या, नातवंडांची छायाचित्रे पाहण्यापुरत्या वापरल्या जाणाऱ्या संगणकाने दृष्टी अधू झालेल्या आजोबांना रोज सकाळी बारा अक्षरे अचूक टंकावयास लावावीत, यात सुरक्षितता थोडी आणि जाच फार आहे.

असा जाच दूर करण्याची तजवीज विंडोजमध्येच आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ व ‘आर’ ही कळ एकत्र दाबावी, उघडणाऱ्या लहान चौकटीत एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड ही आठ इंग्रजी अक्षरे सलग लिहावीत (एक्सपीच्या काळी यासाठी दुसरी, लांबलचक आज्ञा होती), आपले खाते निवडावे, आणि संगणक वापरण्यासाठी नाव व पासवर्ड देणे आवश्यक आहे अशा अर्थाच्या वाक्यापुढची खूण काढून टाकावी. यानंतर पासवर्ड दोनदा विचारला जातो, आणि नेमकी येथेच पुष्कळांची फसगत होते. रोजच्या सवयीने ते चार आकडी पिन लिहितात. चौकट रुजुवात न करता तो स्वीकारते, आणि पुढच्या खेपेस यंत्र ‘पासवर्ड चुकीचा आहे’ म्हणून दारातच अडवते. येथे पिन चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्डच लागतो. कित्येक नव्या यंत्रांवर ती खूण दिसतच नाही. तेव्हा सेटिंग्जमध्ये खात्यांच्या विभागात जाऊन, केवळ विंडोज हॅलोनेच (म्हणजे चेहरा, बोटाचा ठसा किंवा पिन यांनीच) प्रवेश द्यावा असे सांगणारा पर्याय आधी बंद करावा लागतो. झोपेतून जागे होताना यंत्र जो प्रश्न करते, त्याचे नियंत्रण त्याच विभागात, पण निराळ्या ठिकाणी असते. आणि एवढे ध्यानात असू द्यावे की, अशा रीतीने दिलेला पासवर्ड संगणकाच्या पोटातच गुप्त स्वरूपात साठवला जातो, व प्रशासकाचे अधिकार असलेल्या जाणकाराला तो काढून घेता येतो.

एवढे करूनही अडचण सुटली नाही, म्हणजे आपण इंटरनेटवरील अनोळखी जाणकारांकडे धाव घेतो. ‘मदत करा!!! संगणक उघडत नाही, तातडीने सांगा’ या अर्जात व्याकुळता पुरेपूर आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी कोणी असे लिहिले की, ‘विंडोज एक्सपी आहे, खाते एकच, पासवर्ड नाही, परवा रात्री आपोआप आलेली काही सॉफ्टवेअरे बसली, कालपासून सुरुवातीला नावाचा पडदा येतो, त्यावर क्लिक केल्यास काम नीट चालते, विषाणूंची तपासणी केली, काही आढळले नाही, खात्यांच्या यादीत मात्र एक अनोळखी नाव दिसते’, तर आठ-नऊ उपवाक्यांच्या या मजकुरातच निम्मे निदान झालेले असते. ‘परवा रात्री काय बसवले’ हा तपशील सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच बहुधा गाळला जातो. आपल्या जुन्या पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ एवढ्या चार अक्षरांत नमस्कार आटोपून लेखक थेट मुद्द्याला हात घालीत असे. नमनालाच घडाभर तेल जाळण्यापेक्षा ती रीत येथे फार उपयोगी आहे. पडद्याचे छायाचित्र जोडताना त्यात स्वतःचा ई-मेल पत्ता किंवा खाते क्रमांक तर उघडा पडत नाही ना, याचीही खातरजमा करावी.

इंटरनेटवरील अशा संवादाच्या शिष्टाचाराची एक लेखी संहिता सॅली हॅम्ब्रिज यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाखाली तयार केली. सबंध मजकूर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिणे म्हणजे ओरडणे होय, आणि रागाच्या भरात लिहिलेले उत्तर एक रात्र थांबून मगच पाठवावे, या तिच्यातील सूचना आजही जुन्या झालेल्या नाहीत. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, म्हणून आपले ओरडणे उद्गारचिन्हांच्या रांगांतून आणि अनोळखी वडीलधाऱ्यालाही ‘अरे’ म्हणण्यातून प्रकट होते. उत्तर देणाऱ्यावरही बंधन आहे. ‘एवढेही ठाऊक नाही का?’ असे वाक्य वाचून मुकाट्याने निघून गेलेला साठीचा गृहस्थ पुन्हा कधी काही विचारावयास येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि अडचण दूर झाल्यावर ‘जमले, आभारी आहे’ एवढेच लिहून जाऊ नये. कोणती खूण काढली, कोणते खाते पुसले, पिन लिहिला की पासवर्ड, हे दोन ओळींत नोंदवावे. कारण काही वर्षांनी, दुसऱ्या कुठल्या गावी, रात्री उशिरा तसाच पडदा समोर घेऊन बसलेला कोणी माणूस तो प्रश्न शोधत येतो, आणि त्याला विचारण्यासाठी त्या वेळी जागे असे कोणीही नसते.